एम.ए. संगीत करताना रियाज कधी करायचा?

प्रश्न: ताई, मी विद्यापीठात एम.ए. संगीताच्या (गायन) पहिल्या वर्षाला आहे. राहते सोलापूरच्या पूर्व भागात. सकाळी बसने केगावला विद्यापीठात जाते, दुपारी साडेतीनपर्यंत वर्ग असतात. संध्याकाळी घरी लहान मुलांच्या शिकवण्या, आठवड्यातून दोनदा गुरुजींकडे तालीम, त्यात युवा महोत्सवाची तयारी (शास्त्रीय गायन, सुगम आणि समूहगीत तिन्हींत नाव दिलंय), अधूनमधून भक्तिगीतांचे कार्यक्रम आणि घरकाम. दिवसभर गाण्यातच असते, तरी माझा असा रियाज होतच नाही. संध्याकाळी आवाजही बसतो. काय सोडू?

उत्तर:

‘काय सोडू’ हे शेवटी सांगते. आधी सांगितलं तर तू उद्या भलतंच काहीतरी सोडून मोकळी होशील. बहुतेक मुली पहिल्यांदा शिकवण्या सोडतात आणि मग पैशाची अडचण आली की त्याहून जास्त गळा खाणारे कार्यक्रम घेत सुटतात.

तू दिवसाचे तास मोजलेस, ते बरोबर आहेत. गळ्याचे तास मात्र मोजलेले दिसत नाहीत. तुझ्याच यादीवरून मी अंदाजाने बेरीज केली. वर्गात गाणं पाऊण तास. समूहगीताची तालीम दीड तास, महोत्सव जवळ आला की दोन. शिकवणीत मुलांबरोबर गाणं सव्वा तास. कार्यक्रम असलेल्या आठवड्यात त्याचा सराव वेगळा. म्हणजे रोज चार तासांच्या आसपास गळा चालतो आणि त्यात गुरुजींनी दिलेल्या रागाचा वाटा वीस मिनिटांचाही नाही. मग संध्याकाळी आवाज बसणारच. माझ्या पाहण्यात चांगला तयार तरुण गळासुद्धा पूर्ण आवाजात रोज अडीच-तीन तासांच्या वर सुखाने चालत नाही, आणि तेसुद्धा मध्ये विश्रांती घेत घेत. तबल्याच्या, सतारीच्या मुलांचं गणित वेगळं असतं, हात जास्त सोसतात. वर्गातला एखादा तबलजी ‘मी सहा तास बसतो’ म्हणाला तर त्याच्याशी बरोबरी करू नकोस. जुन्या उस्तादांच्या चौदा-चौदा तासांच्या रियाजाच्या गोष्टी आपण सगळ्यांनीच ऐकल्यात. त्या चौदा तासांत ऐकणं, घोकणं, गुरूच्या घरची कामं आणि चहासुद्धा होता असं धरूनच त्या ऐकाव्यात.

तेव्हा आधी गळ्याचे तास कुणाला द्यायचे ते ठरव. उरलेला दिवस त्याभोवती बसवता येतो.

पहिला तास सकाळचा, आणि तो फक्त तुझ्या रागाचा. मागावर आधी ताणा (उभे धागे) चढवावा लागतो, बाणा (आडवा धागा) नंतर कधीही टाकता येतो. सकाळचा तास तसा आहे, तो राहिला की पुढचं काहीही त्यावर बसत नाही. साडेपाचला तंबोरा सुरू व्हायला हवा. ॲपवरचा चालेल, पण इअरफोन लावून नको. इअरफोनमध्ये स्वतःचा आवाज आतून ऐकू येतो आणि सूर लागल्याचा भास होतो. पन्नास रुपये जास्त पडले तरी चालतील, एक छोटा स्पीकर घे. पहिली दहा-पंधरा मिनिटं खर्ज, म्हणजे मंद्र (खालच्या) सप्तकातले सूर, आणि लांब सूर. बायकांनी खर्ज करू नये असं अजूनही काही जणी सांगतात, त्यांच्याकडे लक्ष देऊ नकोस. मात्र मंद्रात खाली जाताना जिथे सूर नुसता घोगरा वाजायला लागतो तिथे थांबायचं, त्याच्या खाली ओढाताण करायची नाही. मग दहा मिनिटं पलटे (सुरांच्या उलटसुलट रचना), तेही ज्या रागाचा रियाज करणार त्याच रागाच्या सुरांचे. मारवा चालू असेल तर मारव्याचेच पलटे, उगाच बिलावलचे नकोत. राहिलेली पस्तीस-चाळीस मिनिटं एक राग, एक बंदिश.

पूर्व भागात राहतेस म्हणजे यंत्रमागांचा खडखडाट तुला सांगायला नको. माग सुरू झाल्यावर गाण्यात अर्थ नाही. गोंगाटात माणूस स्वतःला ऐकू यावं म्हणून नकळत आवाज चढवतो आणि सुराकडचं लक्ष जोराकडे जातं. पहाटे घर अजिबातच मिळत नसेल तर दोन वाटा आहेत. एक, जवळच्या देवळाचा मंडप. पुजाऱ्यांना विचारून बसायचं, काकड्यानंतर बहुतेक ठिकाणी तास-दीड तास शांतता असते. दुसरी, विद्यापीठातली तालमीची खोली वर्गाच्या तासभर आधी उघडून घेणं. शिपाईमामांशी नीट बोललं तर किल्ली मिळते. त्यासाठी आधीची बस पकडावी लागेल, पण त्या बसला गर्दीही कमी असते.

नळाला पाणी येतं त्या दिवशी सकाळ जाते. सोलापुरात हे गृहीतच धरायचं. त्या दिवशीचा रियाज रात्री भरून काढायचा हट्ट करू नको, कारण रात्री थकलेल्या गळ्याने घोटलेली चूक दुसऱ्या दिवशी सकाळी पुसावी लागते. तो दिवस ऐकण्याचा ठेव. आणि घरी एकदा स्पष्ट सांग की साडेपाच ते साडेसहा दूध, गॅस, दार काहीही मला सांगायचं नाही. मुलगी सकाळी गात बसली आहे म्हणजे ती रिकामी आहे, असं घरातल्या प्रेमळ माणसांनाही वाटतं. ते रागाने न बोलता वेळ ठरवून मिटवता येतं. आई ऐकत नसेल तर आजीला सांग, आज्या गाण्याच्या बाजूने असतात.

आता अभ्यासक्रमाकडे येऊ. तुला रियाज होत नाही असं वाटण्याचं खरं कारण मला इथे दिसतं. एका सत्रात सात-आठ राग, त्यातल्या दोन-तीनांत बडा ख्याल (संथ लयीतला), बाकीच्यांत छोटा ख्याल (जलद लयीतला), वर एखादा तराणा, एखादं धृपद किंवा उपशास्त्रीय. हे सगळे राग सारख्याच निष्ठेने घोटायला गेलीस तर प्रत्येकाच्या वाट्याला आठवड्यात एक दिवस येतो आणि कुठलाच राग घरचा होत नाही. अभ्यासक्रम रागांची ओळख करून देतो, एवढंच त्याचं काम. सत्रात एकच राग मुक्कामाला घे, गुरुजींना विचारून. सकाळचा तास सहा महिने त्याचाच. बाकीचे राग परीक्षेपुरते, पण हुशारीने शिकायचे.

हुशारीने म्हणजे जवळच्या रागांचे गट करून. अभ्यासक्रमाच्या यादीत राग ज्या क्रमाने छापलेत त्या क्रमाने शिकायचं कारण नाही. मारवा, पुरिया, सोहनी यांचे सूर तेच: रिषभ (रे) कोमल, मध्यम (म) तीव्र, पंचम (प) वर्ज्य, म्हणजे तो लागतच नाही. मारव्यात रिषभ-धैवताचं (रे-ध) राज्य आणि षड्जावर (सा) यायला मुद्दाम उशीर. पुरियात गंधार-निषाद (ग-नी), आणि सगळा कारभार मंद्र-मध्यात. सोहनी धैवत-गंधाराची, चंचल, सारखी तार षड्जाकडे, म्हणजे वरच्या सा कडे, धावणारी. हे तिन्ही एकाच आठवड्यात समोरासमोर ठेवून गायलीस तर तीन राग तर होतातच, शिवाय ‘वादी-संवादी’ (रागातला मुख्य सूर आणि त्याचा जोडीदार) हा लेखी पेपरातला रटाळ वाटणारा प्रश्न गळ्यातून सुटतो. तंबोऱ्याची पहिली तार पंचमावरून निषादावर घ्यायला मात्र विसरू नकोस. पंचम वाजत असताना मारवा गाणारी मुलं दर परीक्षेत भेटतात. तसंच भूप आणि देशकार. पाचही सूर तेच, पण भूपाचा जीव गंधारात आणि देशकाराचा धैवतात, एक रात्रीच्या पहिल्या प्रहराचा आणि दुसरा सकाळचा. दरबारी-अडाणा ही अशीच जोडी: दरबारी मंद्रात रेंगाळणारा, गंधार आंदोलित (झुलता), अडाणा वरच्या अंगाचा, तरतरीत. अशा जोड्या लावल्या की आठ रागांचे तीन-चार गठ्ठे होतात.

राग ठरलेल्या वेळीच गायचा हा नियम मात्र विद्यापीठात पाळता येत नाही. वेळापत्रकात दुपारी अडीचला सकाळचा भैरव येतो, त्याला इलाज नाही. त्यावरून वाद घालण्यात शक्ती घालवू नको.

वर्गातल्या वेळेचं गणितही एकदा मांडून बघ. लेखीचं एक क्रेडिट म्हणजे सत्रात १५ तास आणि प्रात्यक्षिकाचं एक म्हणजे ३० तास. सत्राला २२ क्रेडिट धरली आणि त्यातली १२ प्रात्यक्षिकाची असली, तर १५ आठवड्यांच्या सत्रात आठवड्याला २४ तास प्रात्यक्षिक आणि १० तास लेखी होतात. ऐकायला छाती दडपते. पण प्रात्यक्षिकाच्या त्या २४ तासांत खोलीत दहा-बारा जणी असतात. एका तासात तुझ्या वाट्याला एकटीने गायला पाचच मिनिटं येतात. उरलेल्या पंचावन्न मिनिटांत बहुतेक मुली मोबाईल बघतात किंवा मागे बसून पुढच्या तासाचं टिपण उतरवतात. हा वेळ तू वाया घालवतेस की नाही, यावर तुझं पुढचं एक वर्ष अवलंबून आहे. दुसरी गात असताना हातावर ठेका धरायचा आणि मनात तिच्याबरोबर गायचं, ओठ न हलवता. तिची सम (तालाची पहिली मात्रा) कुठे चुकली, ती मुखड्याला (बंदिशीच्या सुरुवातीच्या ओळीला) कुठून आली, तान कुठे अडली हे वहीत दोन शब्दांत लिहायचं. गळा न वापरता होणारा हा रियाज आहे आणि तालाचं जे काम त्यात होतं ते घरी एकटीला तंबोऱ्याबरोबर होत नाही. स्वतःची पाळी आल्यावर सगळी बंदिश म्हणायची गरज नाही. जिथे अडतं तेवढंच गाऊन दाखवायचं आणि विचारायचं. वर्गासमोर अडलेली जागा दाखवायला लाज वाटते खरी, पण फी त्याचीच भरलेली असते.

बसमध्ये गाणं गुणगुणायचं नाही. इंजिनाच्या आवाजावर गुणगुणण्याने गळा थकतो. ऐकायचं, पण एका वेळी एकच मुद्दा धरून. मारवाच घेतला असशील तर उस्ताद अमीर खाँ यांचा मारवा लाव आणि फक्त एवढंच बघ की ते षड्जावर किती वेळाने येतात आणि आल्यावर किती थांबतात. दुसऱ्या दिवशी तोच राग दुसऱ्या घराण्याचा, मुद्दा तोच. सोलापूर अशा जागी आहे की दोन्ही हातांना मोठी गाणी आहेत. मिरजेत अब्दुल करीम खाँसाहेब राहिले, कोल्हापुरात अल्लादिया खाँसाहेब. तिकडे कर्नाटकात कुंदगोळ, हुबळी, धारवाड. आपल्याकडच्या गुरूंच्या गाण्यात किराणा (अब्दुल करीम खाँसाहेबांचं) आणि जयपूर (अल्लादिया खाँसाहेबांचं) या दोन्ही घराण्यांचे धागे सापडतात, आणि कुठला धागा कुठला हे बसमध्ये ऐकतानाच कळायला लागतं. हेडफोनचा आवाज मात्र बेताचा ठेव. कानसुद्धा एकदाच मिळतात.

गुरुजींची तालीम त्यांच्या परवानगीने रेकॉर्ड करून घे आणि त्याच रात्री एकदा ऐक. स्वरलेखन दुसऱ्या दिवसाच्या आत झालं पाहिजे. आठवड्याची साठवलीस तर त्यातल्या जागा तुझ्या मनाच्या होतात, त्यांच्या राहत नाहीत. भातखंडे पद्धतीत लिही, हात पटकन चालतो. पलुसकर पद्धत परीक्षेपुरती ठेव. तुझ्या काही मैत्रिणी दर रविवारी हुतात्मा एक्सप्रेसने पुण्याला तालमीला जातात हे मला माहीत आहे, आणि तुझ्याही मनात ते असणार. अडीचशे किलोमीटर जायचं आणि रात्री परत यायचं, सोमवारी पुन्हा केगाव. शहरात चांगला गुरू असताना पहिल्या वर्षाला हे करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. करायचंच झालं तर पंधरा दिवसांतून एकदा, आणि मधल्या रविवारी दिलेलं घोटायचं. डिसेंबरात सवाई गंधर्व भीमसेन महोत्सवाला मात्र एक तरी दिवस जाऊन ये. त्या सुमाराला सत्र परीक्षा असते हे खरं, पण १९५३ पासून चालू असलेल्या त्या महोत्सवाच्या एका रात्रीत जे कानावर पडतं ते पंधरा दिवस पुरतं.

युवा महोत्सव. तू शास्त्रीय गायन, सुगम आणि समूहगीत या तिन्हींत नाव दिलंयस. संस्थेला पदकं हवी असतात आणि आवाज असलेल्या मुलीला सगळीकडे उभं करतात. समूहगीतात सहा गाणारे आणि तीन साथीदार असतात, मुलं-मुली एकत्र. पट्टी (गाण्याचा सा कुठे धरायचा ते) कुणाच्या तरी सोयीची निघते. तुझी पट्टी काळी चार (पेटीवरची चौथी काळी) असेल आणि गाणं मुलांच्या काळी एकमध्ये बसवलं, तर अर्धं गाणं तुला खाली पडतं आणि अंतऱ्यात तू ओरडतेस. रोज दीड तास परक्या पट्टीत, जोरात, सहा जणांच्या आवाजात स्वतःला ऐकू न येता गाणं. तुझा आवाज संध्याकाळी बसण्यात सगळ्यात मोठा वाटा याचा आहे, शिकवण्यांचा नाही.

शास्त्रीय गायनाची स्पर्धा मात्र कर. साधारण १० मिनिटं मिळतात आणि त्या १० मिनिटांची आखणी शिकण्यासारखी असते. विलंबित (संथ) एकतालाच्या १२ मात्रा, मात्रा चार सेकंदांची धरली तर एक आवर्तन (तालाचा एक फेरा) ४८ सेकंदांचं. सहा आवर्तनं म्हणजे पावणेपाच मिनिटांच्या थोडं पुढे. आधी मिनिट-दीड मिनिट आलाप, शेवटी साडेतीन मिनिटं द्रुत (जलद). म्हणजे विलंबितात बढत (रागाचा विस्तार) करायला खरी जागा सहा आवर्तनांचीच, त्यात स्थायी-अंतरा आला, चार आलाप आले, बोल-अंग (शब्द घेऊन केलेला विस्तार) आलं. कुठे काय हे कागदावर लिहूनच ठरवावं लागतं. लय थोडी चढी घेतली तर आणखी दोन आवर्तनं मिळतात. निवड झाली तर पुढे राज्यातल्या विद्यापीठांचा ‘इंद्रधनुष्य’ आणि त्यानंतर पश्चिम विभागीय महोत्सव असतो, तिथे इतर ठिकाणची मुलं ऐकायला मिळतात. बक्षिसापेक्षा मला ते मोलाचं वाटतं. फक्त महोत्सव झाल्यावर तो राग महिनाभर बाजूला ठेव. दहा मिनिटांत राग उरकण्याची सवय लागलेले गळे पुढे तासाभराच्या बैठकीला उभे राहत नाहीत, आणि अशा गुणी मुली मी बऱ्याच पाहिल्या आहेत.

शिकवण्यांबद्दल. त्या सोडू नकोस, पद्धत बदल. तू मुलांबरोबर गातेस, त्यांच्या उंच पट्टीत, त्यांचा आवाज झाकेल इतक्या जोरात. पेटीवर सूर दे, एकदा गाऊन दाखव आणि मुलं गात असताना गप्प बस. त्याने मुलांचाही फायदा होतो, नाहीतर ती बाईंच्या आवाजावर लोंबकळतात आणि बाई थांबल्या की बेसूर होतात. रोज दोन-तीन मुलं बोलावण्यापेक्षा आठवड्यातून दोन दिवस गट कर. आपल्याकडच्या मुलांच्या घरी तेलुगू, कन्नड, दखनी बोलतात, बंदिशीतले ब्रज शब्द त्यांना आणि त्यांच्या आयांना सारखेच परके असतात. शब्द आधी बोलून घेण्यात दहा मिनिटं जातात, तेवढीच गळ्याला विश्रांती.

कार्यक्रमांचं अवघड आहे, कारण गाणाऱ्यांचा हंगाम आणि पहिल्या सत्राचा अभ्यास एकाच वेळी येतात. श्रावणात सुरुवात होते, मग गणपती, मग नवरात्र, कार्तिक, मार्गशीर्षातले गुरुवार, दत्तजयंती, आणि संक्रांतीला सिद्धेश्वरांच्या यात्रेत गड्ड्यावर (यात्रेच्या जत्रेत) रोजच काहीतरी. सगळ्यांना हो म्हटलंस तर जानेवारीत हातात थोडे पैसे असतील आणि आवाज नसेल. महिन्याला एक. आणि तो घेतानाही चार गोष्टी आधी बोलून घ्यायच्या: पट्टी माझी, ट्रॅकवर गायचं असेल तर ट्रॅक माझ्या पट्टीत बदलून हवा, माझ्याकडे तोंड केलेला एक स्पीकर हवा, आणि मानधन किती व कधी. तिसरी अट लोकांना नखरा वाटते. रंगमंचावर स्वतःचा आवाज ऐकू आला नाही की गाणारा दुप्पट जोर लावतो आणि दुसऱ्या दिवशीचा रियाज गेलेला असतो, हे आयोजकाला समजावत बसू नको, फक्त मागून घे. ओळखीच्या माणसाला पैशाचं विचारायला संकोच वाटतो, पण तबलजी विचारतो, ध्वनिक्षेपकवाला विचारतो, मग गाणारीनेच का नाही?

गळ्याच्या पथ्याबद्दल फार लिहीत नाही, कारण दही-लिंबू-बर्फ यांच्या याद्या तुला सगळ्यांनीच दिल्या असणार. त्यांच्याहून जास्त नुकसान अपुऱ्या झोपेने होतं. शेंगाची चटणी सोडायची गरज नाही. रात्री अकराला कडक भाकरी आणि चटणी खाऊन लगेच आडवं होणं सोड. पोटातलं आम्ल घशापर्यंत येतं आणि सकाळी खर्ज लावताना घसा खरखरतो, त्याचं खापर मग पंख्यावर फुटतं. सारखं खाकरू नको, घोटभर पाणी पी. आवाज बसला की कुजबुजत बोलायचं ही पद्धत चुकीची आहे, त्याने ताण कमी होत नाही. एक दिवस बोलणंच कमी कर. पाळीच्या आधी दोन-तीन दिवस आवाज जड वाटतो, त्या दिवशी तार सप्तकाचा हट्ट नको, मंद्र-मध्यात आलाप कर. एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या वर असताना उन्हातून येऊन लगेच गायला बसू नये. आणि घोगरेपणा तीन आठवड्यांनंतरही गेला नाही तर काढे बंद करून नाक-कान-घसा तज्ज्ञाकडे जायचं. ते दुर्बिणीतून स्वरयंत्र बघतात. स्वरतंतूंवर गाठी यायला लागलेल्या असतील तर सुरुवातीला विश्रांती आणि आवाजाच्या उपचारपद्धतीने बऱ्याच वेळा काम भागतं, उशीर केला की अवघड होतं.

लेखी विषय हे थकलेल्या वेळेचं काम आहे. संध्याकाळी गळा गेलेला असतो तेव्हा डोकं चालतं, तेव्हा शास्त्र वाच. शक्य असेल तिथे लेखी काम चालू रागाशी जोड, म्हणजे दोन वह्या होत नाहीत. शार्ङ्गदेवाचा ‘संगीतरत्नाकर’ तेराव्या शतकात देवगिरीला, म्हणजे आपल्याच मुलखात लिहिला गेला, हे माहीत असूनही मुलं तो परक्या देशातल्या ग्रंथासारखा पाठ करतात. ऑन जॉब ट्रेनिंगची (प्रत्यक्ष कामाच्या प्रशिक्षणाची) चार क्रेडिट असली तर ते १२० तास होतात. ते केवळ सही मिळावी म्हणून कुठेतरी घालवू नको. एखाद्या शाळेत संगीत शिकवायला जा किंवा ध्वनिमुद्रणाच्या स्टुडिओत बस, दोन्हींचा उपयोग आहे.

प्रबंधाचा विषय आतापासून मनात घोळव, आणि घराजवळचा घे. बाराव्या शतकातल्या सिद्धरामेश्वरांची कन्नड वचनं आजही आपल्याकडे गायली जातात. नंदीध्वजांच्या मिरवणुकीत कोणती वाद्यं कधी वाजतात, नारळी पौर्णिमेच्या मार्कंडेय रथोत्सवात पद्मशाली समाज कोणती गाणी म्हणतो, यावर काम करायला तुला गाडीभाडं लागणार नाही आणि भाषेची अडचणही कमी. ‘हिंदुस्थानी संगीतातील सौंदर्यतत्त्व’ असले विषय घेणाऱ्यांचं दुसरं वर्ष ग्रंथालयात जातं आणि हाती दुसऱ्याचीच वाक्यं लागतात.

घरचे ‘सोबत अलंकारही (विशारदच्या पुढची परीक्षा) देऊन टाक’ म्हणत असतील तर या वर्षी नाही म्हण. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा एप्रिल-मे आणि नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये येतात, तुझ्या सत्र परीक्षांच्या अगदी अंगावर. विशारद राहिलं असेल तर ते एक सत्र बघून उरकून घे, अलंकार एम.ए.नंतर. प्राध्यापक व्हायला लागणाऱ्या नेट-सेट या पात्रता परीक्षांचंही तसंच. नेटला पहिला पेपर ५० प्रश्नांचा आणि संगीताचा १०० प्रश्नांचा, तीन तासांत, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. पहिल्या पेपरचा संगीताशी संबंध नाही आणि मुली तिथेच मागे पडतात. पण त्याची तयारी दुसऱ्या वर्षी सुरू केली तरी चालते.

आता काय सोडायचं ते. समूहगीत सोड. सुगम गायन ठेवायचं की नाही हे गुरुजींना विचार. मला विचारशील तर या वर्षी तेही नको. भक्तिगीतांचे कार्यक्रम महिन्याला एक. शिकवण्या ठेव. गुरुजींची तालीम ठेव, आणि तालमीच्या दिवशी दुसरीकडे कुठेही गळा लावू नको, अगदी वर्गातही अर्ध्या आवाजात गा आणि सरांना कारण सांग, ते समजून घेतील. एवढं केलंस की गळ्याचे तास अडीचच्या आत येतात आणि त्यातला एक पूर्ण तुझा राहतो.

समूहगीतातून नाव काढायचं तर याच आठवड्यात सांग. तालमी रंगात आल्यावर सांगितलंस तर बाकीच्या पाच जणांचं गाणं नव्याने बसवावं लागेल आणि दोन वर्षं त्यांच्याबरोबरच वर्गात बसायचं आहे. तुझ्याऐवजी कोण उभी राहू शकेल तिचं नाव घेऊनच सरांकडे जा. पहिल्या वर्षाला काळी एकमध्ये आरामात गाणारी एखादी तरी मुलगी असतेच, आणि तिला बहुधा अजून कुणी विचारलेलं नसतं.